छतावरच्या चौघीजणी (अँजेलिका काउफमन आणि इतर)

निशिगंधा
नमस्कार मंडळी. लेकीकडे लंडनला आलेय. परवा पाऊस थांबेना म्हणून पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये शिरले, तिथे रॉयल अकॅडमी आहे, चित्रकारांची संस्था आणि शाळा. चित्रं बघायला वगैरे नव्हे हो, टॉयलेट शोधायला. आत माणसं छत्र्या झटकतायत, कोणी तिकिटाच्या रांगेत, कोणी कोट काढून देतंय. मी ओढणीने चष्मा पुसला, परत लावला आणि सहज वर बघितलं तर छतात चार बायका.

लंबगोल चौकटीत एकेकटी बसलेली. एकीच्या हाताशी गोल आहे, ती आकाशाकडे बघतेय आणि तिच्या डोक्याला चक्क छोटे पंख आहेत. दुसरी शेजारी बुद्धिबळाचा पट ठेवून हातात कंपास घेऊन विचारात पडलीय, सोसायटीचा हिशोब जुळत नसला की माझा चेहरा असतो तशी. तिसरी एका तुटक्या दगडी धडाचं चित्र काढतेय, डोकं नाही हात नाहीत असं ते धड. आणि चौथीने हात उंच करून ब्रश थेट इंद्रधनुष्याला लावलाय, रंग घ्यायला! तिच्या पायाशी कसलंसं जनावर आहे, खालून काही नीट कळलं नाही, मांजर असावं.

मान दुखेस्तोवर बघितलं. दहा मिनिटांत माझ्याशिवाय कोणी वर बघितलं नाही.

घरी येऊन लेकीला कामाला लावलं. तर ह्या चौघी म्हणजे इन्व्हेन्शन, कॉम्पोझिशन, डिझाइन आणि कलर. काढणारी अँजेलिका काउफमन, जन्म १७४१, स्वित्झर्लंडमधलं कूर गाव, वडील चित्रकार आणि तेच गुरू. १७६६ला लंडनला आली आणि १० डिसेंबर १७६८ला अकॅडमी स्थापन झाली तेव्हा ३४ संस्थापकांत दोनच बायका होत्या, त्यातली ही एक, दुसरी फुलांची चित्रं काढणारी मेरी मोझर. ही चित्रं १७७८ ते ८० मधली, तेव्हा अकॅडमी सॉमरसेट हाउसमध्ये होती आणि तिथल्या काउन्सिलच्या खोलीच्या छतासाठी ती करून घेतली होती.

आता खरा धाग्याचा विषय. योहान झोफनी नावाच्या चित्रकाराचं १७७१-७२चं एक चित्र आहे, अकॅडमीच्या सभासदांचं. (हा झोफनी नंतर लखनौला येऊन कोंबड्यांच्या झुंजीचं चित्र काढून गेला तोच.) सगळे बुवा एका खोलीत जमलेत आणि मध्ये नागडे पुरुष मॉडेल्स आहेत, एकाला पोझमध्ये बसवायचं चाललंय. आता तिथे बायका कशा दाखवणार? तर झोफनीने अँजेलिका आणि मेरीला भिंतीवर फ्रेममध्ये टांगलं. जिवंत, कामं करणाऱ्या, सही करून सभासद झालेल्या बायका, आणि चित्रात त्या फोटो लावल्यासारख्या. आपल्याकडे फोटो भिंतीवर कधी जातो ते सांगायला नको.

म्हणजे त्या संस्थेत बाईला शिरायला दोनच जागा, भिंतीवरची फ्रेम किंवा छत. कला म्हणून, कल्पना म्हणून, न्याय, शांतता, स्वातंत्र्य म्हणून बाई पाहिजे, पण वर्गात नको. आणि अँजेलिकेने छतावर काय काढलं, तर डिझाइन नावाची बाई पुरुषाचं धड बघून चित्र काढतेय. मला तर वाटतं तिने मुद्दाम काढलंय. तुम्हाला काय वाटतं? आणि ह्या सगळ्या कल्पना बायकाच का असतात हेही कोणीतरी सांगा.

कोकणी_काजू
पहिला! लेख छान. टॉयलेट सापडलं का ते लिहिलं नाहीत.

निशिगंधा
सापडलं. तिथेही रांग होती, बायकांचीच.

तिरपी_मात्रा
बायकाच का, ह्याचं निम्मं उत्तर व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये न्याय, शांती, सत्य, स्वातंत्र्य ह्या सगळ्यांचे शब्द स्त्रीलिंगी, जस्टिशिया, पाक्स, व्हेरिटास, लिबर्टास. फ्रेंच, इटालियन ह्यांनी तेच पुढे चालवलं. शब्द 'ती' असला की चित्रकाराने काढलेली आकृतीही 'ती'च होणार. संस्कृतात -ता आणि -ति लागलं की तेच होतं, म्हणून गीतेच्या दहाव्या अध्यायात 'कीर्तिः श्रीर्वाक् च नारीणां स्मृतिर्मेधा धृतिः क्षमा' अशी सात जणींची यादी येते. आपल्याला हे नवीन नाही, 'या देवी सर्वभूतेषु' म्हणताना आपण शांती, क्षमा, स्मृती सगळ्यांना हात जोडतोच.

मराठीत मात्र घोळ आहे. न्याय तो, सत्य ते, स्वातंत्र्य ते. तरी कोर्टातली तराजूवाली 'ती'च, कारण आपण त्याला 'देवता' हा शब्द जोडला आणि देवता स्त्रीलिंगी. पुरुष देव असला तरी ती ग्रामदेवताच, बघा.

बोरूबहाद्दर
व्याकरण ठीक आहे हो, पण इंग्लिशला कुठे आलंय लिंग? तिथेही लिबर्टी बाईच, जस्टिस बाईच. व्याकरण ही पळवाट वाटते.

तिरपी_मात्रा
इंग्रज चित्रकार इटालियन पुस्तकं उघडून काढत होते, लिंग तिथून आयात झालं. निम्मं उत्तर म्हणलं होतं मी, पूर्ण नाही.

खोडरबर
मी आर्ट स्कूलवाला (रिटायर्ड), त्यामुळे जरा लांबण लावणार, सहन करा.

वर 'इटालियन पुस्तकं' म्हणलंय ते बरोबर. चेझारे रिपा ह्याचं 'इकोनोलोजिया' रोममध्ये १५९३ला छापलं, १६०३च्या आवृत्तीत चित्रं आली. ही चित्रकारांची डिक्शनरी. कुठल्या कल्पनेला कुठलं कापड, हातात काय, पायाशी काय, सगळं अकारविल्हे. पुढे दोनशे वर्षं लोक त्यावरच चालले. त्यात 'चित्रकला' म्हणजे कोण माहितीये? गळ्यात साखळी, साखळीला मुखवटा आणि तोंडाला फडकं बांधलेली बाई. का तर चित्र मुकं असतं. आर्टेमिसिया जेंटिलेस्की ह्या इटालियन चित्रकार बाईने १६३८-३९च्या सुमारास स्वतःलाच 'चित्रकला' म्हणून रंगवलं, तेव्हा साखळी ठेवली, मुखवटा ठेवला आणि फडकं गाळून टाकलं. हे निओक्लासिकलच्या (म्हणजे अँजेलिकेच्या काळातल्या, ग्रीक-रोमन नमुन्यावर चालणाऱ्या शैलीच्या) बरंच आधीचं आहे, पण राहवलं नाही.

आता डिझाइनबद्दल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना डिझाइन म्हणलं की संकल्पचित्र आठवणार, वर्तुळात फुलपाखरं बसवा वगैरे. इथे तसं नाही. हे इटालियन 'दिसेन्यो', म्हणजे रेखाटन, आणि त्या काळी तोच सगळ्या कलेचा पाया समजत. त्यामुळे त्या चौघींत तिसरी सगळ्यात वजनदार.

आणि आता धागाकर्तीशी मतभेद. ते धड म्हणजे बेल्व्हेडिअर टॉर्सो, व्हॅटिकनमध्ये आहे, पुढे अपोलोनिओस नावाची सही आहे. ते काढणं म्हणजे बंड वगैरे काही नाही. तेव्हा प्रत्येक विद्यार्थी आधी प्लास्टरचे पुतळे बघून चित्र काढायचा, हात बसला की मगच जिवंत मॉडेल. आम्हीही तेच केलं, पहिलं वर्षभर प्लास्टरचं नाक, प्लास्टरचा कान, प्लास्टरचा पाय. पावसाळ्यात त्या पायाच्या अंगठ्याला बुरशी यायची आणि आम्ही बुरशीसकट शेडिंग करायचो. अकॅडमीचे अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स ह्यांनी डिसेंबर १७८०च्या भाषणात ह्याच टॉर्सोची तोंड भरून स्तुती केलीय. म्हणजे अँजेलिकेने अध्यक्षांना आवडणारंच काढलं. बंड कुठाय?

निशिगंधा
काका (काकाच म्हणते, रिटायर्ड आहात म्हणून, मीही आता दोन वर्षांत होईन), मुद्दा पटला, पण अर्धाच. पुतळ्यावरून शिकणं सगळ्यांना होतं हे बरोबर, पण मुलं तिथून पुढच्या वर्गात जायची ना? बाईला तो पुढचा वर्ग नव्हताच. अकॅडमीच्या शाळेत पहिली मुलगी लॉरा हरफर्ड १८६०ला शिरली, तीही पूर्ण नाव न लिहिता नुसतं आद्याक्षरांनी नाव दिलं म्हणून, चित्र बघून पास केलं आणि मग कळलं की ही बाई आहे. आणि मुलींना पुरुष मॉडेल बघून काढायची परवानगी १८९३ला मिळाली, तीही त्याने अर्धवट का होईना कपडा गुंडाळलेला पाहिजे ह्या अटीवर. म्हणजे अँजेलिकेच्या छतानंतर शंभरेक वर्षं.

अँजेलिकेबद्दलही एक किस्सा सांगतात. अकॅडमीचा एक मॉडेल तिच्या गोल्डन स्क्वेअरच्या घरी बसायला जायचा, म्हातारपणी त्याने सांगितलं की फक्त दंड, खांदे आणि पाय उघडे ठेवायचे आणि पूर्ण वेळ बाईंचे वडील तिथे हजर. आणि नंतर टीकाकार म्हणत की हिची पुरुषपात्रं बायकी दिसतात! अहो बघू द्याल तर काढेल ना.

म्हणून मला ते दगडी धड बघून तसं वाटलं. पुरुषांच्या बाबतीत ती पहिली पायरी आणि हिच्या बाबतीत शेवटची. चित्र तेच, पण कोणी काढलंय त्याने फरक पडतो की नाही?

खोडरबर
फरक पडतो. बंड म्हणायचं का ह्यावर अजून ठाम नाही मी, पण 'पहिली पायरी आणि शेवटची' हे डोक्यात राहिलं.

मृण्मयी_क
वा, माझा आवडता विषय. निशिगंधाताई, ह्याच काळातली पॅरिसची गोष्ट जोडते.

एलिझाबेथ विजे-लब्रंचं 'शांतता समृद्धीला परत आणते' असं १७८०चं चित्र आहे, लूव्रमध्ये. दोघी जणी. शांतता सावळ्या केसांची, निळसर-जांभळं वस्त्र, ऑलिव्हची डहाळी, आणि ती समृद्धीला जवळ घेऊन आणतेय. समृद्धी सोनेरी केसांची, गुबगुबीत, केसांत फुलं, एक स्तन उघडा, कवेत फळांनी भरलेलं ते शिंग. द्राक्षं बघाल तर हात लावावासा वाटेल.

पण मला आवडतो तो त्याचा वापर. फ्रेंच अकॅडमीत बायकांचा कोटा होता, एका वेळी चार, बास. ३१ मे १७८३ला विजे-लब्रं आणि अदेलाईद लाबीय-गियार दोघी एकाच दिवशी आत आल्या आणि कोटा फुल्ल. विजे-लब्रंचा नवरा चित्रांचा व्यापारी, त्यामुळे नियमाने तिला घेता येत नव्हतं, राणीने, म्हणजे मारी आंत्वानेतने, शब्द टाकला तेव्हा झालं. आणि प्रवेशाचं चित्र म्हणून बाईंनी काय दिलं? त्या पोर्ट्रेटसाठी प्रसिद्ध, पोर्ट्रेट देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी हे दिलं. कारण रूपक, म्हणजे कल्पनेला माणूस करून काढलेलं चित्र, हे हिस्टरी पेंटिंगच्या (पुराण-इतिहासातले प्रसंग काढायच्या) खात्यात, आणि ते खातं सगळ्यात वरचं, पुरुषांचं. अकॅडमीने तिला घेतलं पण कुठल्या प्रकारातली चित्रकार म्हणून घेतलं ते लिहिलंच नाही. रजिस्टरमध्ये रकाना कोरा ठेवायची कला तिकडेही आहे :)

म्हणजे रूपकातली बाई ही नुसती शोभेची नव्हती, बाई चित्रकाराला वर चढायची ती शिडी पण होती. नागडा पुरुष न काढता हिस्टरी पेंटिंग करायचं तर बायकांचे घोळदार कपडे आणि बायकांचेच हातपाय, हे घरात बसून जमतं.

कोकणी_काजू
हे शेवटचं भारी आहे. असा विचारच केला नव्हता.

बोरूबहाद्दर
पण एक स्तन उघडा टाकायचं काय कारण? समृद्धीला ब्लाउज परवडत नव्हता?

मृण्मयी_क
हसले. समृद्धी म्हणजे पोसणारी, म्हणून. शिवाय ग्रीक-रोमन पुतळ्यांची नक्कल. पण सगळ्याच उघड्या नाहीत. नानीन वालाँ नावाच्या बाईने १७९३-९४ला 'स्वातंत्र्य' काढलं, ती नीट अंगभर कपड्यात बसलीय, एका हातात मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा कागद, दुसऱ्यात भाल्यावर टांगलेली लाल टोपी. ते फ्रेंच क्रांतीवाल्यांच्या जॅकोबिन क्लबमध्ये लावलेलं होतं. आता ग्रनोबलजवळ विझीयच्या म्युझियमला आहे. आणि ताई, तुमच्या मुद्द्याला धरून सांगते, ३० ऑक्टोबर १७९३ला त्याच क्रांती सरकारने बायकांच्या राजकीय क्लबांवर बंदी घातली. भिंतीवर बाईने काढलेली बाई स्वातंत्र्य म्हणून, आणि खाली बायकांनी सभा भरवायची नाही.

निशिगंधा
हे वाचून चहा गार झाला माझा.

घाटवाट
तुमच्या छतांमध्ये एक छत आमच्या कामाचं आहे ते घ्या. साल तेच, १७७८. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्य ऑफिस, तिथल्या महसूल समितीच्या खोलीच्या छताला स्पिरिडिओने रोमा ह्या कॉर्फूहून आलेल्या चित्रकाराने एक चित्र केलं, पूर्वेकडचे देश ब्रिटानियाला, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटनला, आपली संपत्ती अर्पण करतायत. ब्रिटानिया गोरी, उंच खडकावर ऐसपैस, जवळ सिंह. खालून हिंदुस्थान नावाची सावळी बाई रत्नामोत्यांचा मुकुट वर धरतेय. शेजारी चीन, पोर्सिलीनची बरणी आणि चहा घेऊन. मर्क्युरी, म्हणजे व्यापाराचा देव, सगळ्यांना पुढे काढतोय, खाली थेम्स नदी म्हातारा होऊन बसलीय (नदी असून म्हातारा, बघा तिरपीताई), आणि मागे कंपनीचं जहाज.

चित्रात कोणी कोणाच्या हातातून काही ओढत नाहीये. सगळं आपखुशीने, आहेर केल्यासारखं. बंदूक नाही, करारनामा नाही, दुष्काळ नाही. बंगालचा मोठा दुष्काळ १७७०चा, म्हणजे हे चित्र लागलं तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि खाली बसून बघणारे महसूल समितीचे! दोन्हीकडे बाई काढली की लूट आहेरासारखी दिसते, हा त्या रूपकाचा उपयोग. शिपाई आणि शेतकरी काढला असता तर जमलं नसतं.

आणि गंमत, त्याच १७७८च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज मुंबईहून निघाली रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला. बोरघाट चढता चढता महिना गेला, हजारो बैल बरोबर. तळेगावला पोचले तर आपल्या लोकांनी गाव जाळून मोकळं केलेलं, दाणा नाही चारा नाही. जानेवारी १७७९ला वडगावला शरणागती आणि तह. छतावरच्या त्या सावळ्या बाईने त्या वर्षी इकडे मुकुट काही दिला नव्हता.

ईस्ट इंडिया हाउस १८६१ला पाडलं, आता तिथे लॉइड्सची बिल्डिंग आहे. चित्र हल्ली फॉरेन ऑफिसात.

तिरपी_मात्रा
थेम्स म्हातारा मान्य, रोमन नदीदेव पुल्लिंगीच. घाटवाट, प्रतिसाद जबरदस्त, वाचनखूण साठवली.

खोडरबर
घाटवाट ह्यांचं 'शिपाई काढला असता तर जमलं नसतं' हे अगदी मर्मावर. रूपकातल्या बाईला चेहरा नसतो. म्हणजे असतो, सरळ नाक, लहान तोंड, पुतळ्यासारखा, पण तो कोणाचाच नसतो. निओक्लासिकलवाल्यांना ते पाहिजेच होतं. विंकेलमान ह्या जर्मन कलापंडिताने १७५५ला उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता हे सूत्र दिलं, त्यानंतर चेहऱ्यावर फार काही दिसलं की अडाणीपणा. (ह्या विंकेलमानचं पोर्ट्रेट अँजेलिकेने १७६४ला रोममध्ये केलंय, ती तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसची. चेहरा वाचता येतो तिला.) आणि कोणाचाच नसलेल्या चेहऱ्यावर काहीही लेबल लावता येतं, कला, न्याय, हिंदुस्थान, वॉशिंग पावडर.

लोकलवाला_कल्याण
मी रोज सीएसएमटीला उतरतो, घुमटावर जी बाई उभी आहे एका हातात मशाल आणि दुसऱ्यात चाक, ती पण ह्यातलीच का? वीस वर्षं मला ती राणी व्हिक्टोरिया वाटायची.

खोडरबर
ती प्रगती. राणीचा पुतळा खाली दर्शनी भागात होता, तो नंतर काढला. प्रगती ह्याच खानदानातली, फक्त दगडात आणि शंभर वर्षांनी, १८८७च्या आसपासची, आणि बिल्डिंग गॉथिक, त्यामुळे निओक्लासिकल म्हणू नका, कोणीतरी ओरडेल. खाली कमानीवरच्या त्रिकोणांत शेती, व्यापार, इंजिनिअरिंग पण आहेत. इथे सजावटीच्या कामात मुंबईच्या जे.जे.ची मुलं होती.

लोकलवाला_कल्याण
म्हणजे आठ-बाराच्या गर्दीवर प्रगती उभी. बरं.

निशिगंधा
काका, चेहरा कोणाचाच नसतो म्हणालात त्यावरून एक. अँजेलिकेचंच एक चित्र, १७९४चं, यॉर्कशरमध्ये नॉस्टेल नावाची हवेली आहे तिथे असतं. मी बघितलं नाहीये, लेकीच्या लॅपटॉपवर मोठं करून बघितलं. लहानपणी तिचा आवाज उत्तम होता, गाणं की चित्र असा खरंच पेच होता, तर मधे पांढऱ्या कपड्यात ती स्वतः, एका बाजूला लाल कपड्यात संगीत बसलीय मांडीवर गाण्याचा कागद घेऊन, दुसऱ्या बाजूला चित्रकला उभी, आणि ती दूर डोंगरावरच्या देवळाकडे बोट दाखवतेय, लांब आहे, चढ आहे, चल. मूळ कथा हर्क्युलिसची म्हणे, सद्गुण आणि सुख अशा दोन बायका त्याला ओढतात, तो मधे. तिने हर्क्युलिसला उठवलं आणि स्वतः बसली.

पण मी बघत बसले ते हात. संगीताने तिचा हात धरलाय, आणि तिनेही धरलाय, सोडवत नाहीये. चित्रकलेकडे निघालीय, पण हात अजून इकडेच. माझी धाकटी बहीण दहावीनंतर गाणं सोडून सायन्सला गेली तेव्हा तंबोऱ्याला गवसणी घालताना असंच करत होती, गाठ मारून परत सोडायची. हे चित्र काढलं तेव्हा अँजेलिका ५२-५३ वर्षांची होती आणि स्वतःला तिने विशीतली काढलंय. तीस वर्षांनीही हात सुटलेला नाही. इथे संगीत म्हणजे कोणाचाच चेहरा नसलेली बाई असेल, पण हात मला ओळखीचा वाटला.

मृण्मयी_क
ताई, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

विदर्भकन्या
उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं. पण मूळ लेखातला एक प्रश्न कोणी सोडवलाच नाही, त्या रंगाच्या पायाशी मांजर काय करतंय?

खोडरबर
अरे हो! मांजर नाही ते, सरडा आहे. रंग बदलणारा, शॅमेलिऑन.

निशिगंधा
सरडा??? आपल्याकडे सरड्यासारखे रंग बदलले म्हणजे शिवी आणि तिकडे रंगदेवीचं वाहन?

विदर्भकन्या
सरडा नका म्हणू, कुंपणावरचा तो वेगळा. जो झाडावर हळूहळू डुलत चालतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो तो घोयरा. माझ्या आजोळी बोरीवर असायचा, एकदा हातावर घेतला होता, मुठी आवळल्यासारखी बोटं असतात त्याची.

निशिगंधा
गुरुवारी परत जातेय, ह्या वेळी लेकीची पक्षी बघायची दुर्बीण घेऊन. बोटं बघून सांगते.